पदवीच्या मुलांचं संशोधन हे अध्यापनच आहे : उच्च शिक्षणाच्या धोरणकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
विद्यापीठ अनुदान आयोग, राज्याचा उच्च शिक्षण विभाग आणि विद्यापीठांच्या विद्या परिषदा यांतील सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे पदव्युत्तर वर्ग नाहीत, मान्यताप्राप्त संशोधन केंद्र नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. एवढंच. गेल्या सत्रात आमच्या विभागाची कार्यभार तपासणी झाली. व्याख्यानं मोजली गेली, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या मोजल्या गेल्या. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रकल्पांसाठी मी दाखवलेले तास मात्र लाल पेनाने कापले गेले आणि समासात शेरा पडला, 'अध्यापनेतर'. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांच्यापुढच्या तक्त्यात या कामासाठी रकानाच नव्हता. रकाने वर ठरतात, म्हणून आपल्याला लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण हे विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि माझ्यासारख्या इतर प्राध्यापकांनीही वाचायला हवं.

माझं म्हणणं एकच आहे. पदवी महाविद्यालयात विद्यार्थ्याला बरोबर घेऊन केलेलं संशोधन हा अध्यापनाचाच भाग आहे. व्याख्यानाला आणि प्रात्यक्षिकाला जसे तास मिळतात, जशी त्यांची नोंद होते, तसंच याचंही झालं पाहिजे. पुढच्या सगळ्या तक्रारी या एकाच गोष्टीतून निघालेल्या आहेत.

हे मी का म्हणते, ते प्रयोगशाळेतलं उदाहरण देऊन सांगते. बी.एस्सी.ला पाण्याचा जडपणा मोजण्याचं प्रात्यक्षिक असतं. कोनिकल फ्लास्कमध्ये ५० मिलि पाणी घ्यायचं, बफर घालायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगसूचकाचे थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण सोडत राहायचं. लालसर जांभळा रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. नमुना आमच्याच सहायकाने वजन करून बनवलेला असतो. उत्तर त्याला माहीत असतं, मला माहीत असतं, आणि गेल्या वर्षीच्या जर्नलमधून मुलांनाही माहीत असतं. म्हणून पहिला थेंब पडायच्या आधी प्रश्न येतो, "मॅडम, किती यायला पाहिजे?" मग तिन्ही रीडिंगं सारखी येतात, सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, एकदम जुळतो आणि वहीवर सही होते. या मुलांना अप्रामाणिक म्हणणं अन्याय आहे. उत्तर आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं आणि आपलं काम ते गाठण्याचं, हे त्यांनी पहिलीपासून शिकलेलं आहे.

त्याच ब्युरेटवर माझ्या एका विद्यार्थिनीने घरच्या विहिरीचं पाणी घेतलं. पहिलं रीडिंग आलं ३१.४. हिशेब केला तर लिटरला ६२८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. दुसरं रीडिंग वेगळं आलं. यावेळी "किती यायला पाहिजे" हे विचारून उपयोग नव्हता, कारण ते कोणालाच माहीत नव्हतं. ती ज्या बाटलीतून पाणी आणत होती ती आधी त्याच पाण्याने विसळलेली नव्हती, हे तिचं तिने शोधून काढलं. ब्युरेट पुन्हा भरली, ऊर्ध्वपातित पाण्याचं कोरं रीडिंग घेतलं, ईडीटीएची तीव्रता तपासून पाहिली. मग शेजारच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणलं. ते बरंच कमी निघालं आणि तिचा पुढचा प्रश्न तयार झाला : दोन विहिरींत एवढासा बांध, मग फरक का? नमुना कसा घ्यावा, चूक कुठून शिरते, एका रीडिंगवर विश्वास का ठेवू नये, हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर तिने पाठ केलं असतं आणि परीक्षेनंतर विसरली असती. मी शिकवलेल्या तासांतला सगळ्यात भरीव तास हा होता, आणि कार्यभाराच्या तक्त्यात त्याची किंमत शून्य आहे.

आता वेळेचं. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्याआधीच्या २०१० च्या नियमावलीत तर शिक्षकाच्या संशोधनासाठी आठवड्याला किमान सहा तास राखण्याची बाब लिहिलेली होती. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात ते सहा तास मी कधी छापलेले पाहिले नाहीत. अध्यापनाचे तास संपल्यावर उरणारा वेळ प्रवेश प्रक्रियेत जातो, वर्षाला दोन सत्र परीक्षा आणि त्यांच्या मूल्यमापनात जातो, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींत, समित्यांच्या इतिवृत्तांत, निवडणुकीच्या कामात जातो. प्रयोगशाळा दुपारी रिकामी असते तेव्हा परिचर नसतो, कारण ते पद कित्येक वर्षं भरलेलं नाही. मुलांची शेवटची एसटी चुकवून चालत नाही. मग संशोधन उरतं ते रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत, तेही ज्या मुलांना घरच्या कामातून सुट्टी मिळते त्यांच्यापुरतं. ज्यांना सुगीत मजुरीला जावं लागतं त्यांना या शिक्षणातून आपण आपोआप वगळतो. वेळापत्रकात तास असता तर ही मुलं त्या तासाला वर्गात असती. वेळापत्रकातली जागा मी मागते आहे ती मुख्यतः त्यांच्यासाठी.

दुसरी तक्रार मोजणीची, आणि इथे मला जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण गेल्या पंधरा वर्षांत पदवी महाविद्यालयांचं सर्वांत जास्त नुकसान इथे झालं आहे.

२०१० साली एपीआय, म्हणजे शिक्षकाच्या शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक, आला. शिक्षकाच्या कामाचे गुण मांडले गेले आणि बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या महत्त्वाची झाली. ज्या प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं आहे, ज्याच्याकडे नीट चालणारं उपकरण नाही आणि ज्याच्या ग्रंथालयात संशोधनपत्रिका येत नाहीत, त्यालाही विद्यापीठाच्या विभागातल्या प्राध्यापकाच्याच मापाने मोजलं जाऊ लागलं. परिणाम काय झाला ते आपल्याला ठाऊक आहे. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशा पत्रिकांचं पीक आलं. आजही माझ्या फोनवर असे संदेश रोज येतात : शेवटची तारीख उद्या, प्रमाणपत्र लगेच, सहलेखक चार चालतील. २०१७ मध्ये आयोगाने मान्य पत्रिकांची यादी काढली. २०१८ च्या मे महिन्यात त्याच यादीतल्या ४,३०५ पत्रिका आयोगालाच काढून टाकाव्या लागल्या. २०१९ मध्ये मान्य पत्रिकांची नवी, केअर नावाची यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही थांबवली आणि पत्रिका पारखण्यासाठी सुचवलेले निकष देऊन जबाबदारी संस्थांवर सोपवली. एकाच नोकरीच्या काळात चांगलं संशोधन म्हणजे काय याची एवढी उत्तरं बदलली. या प्रत्येक बदलात एक गोष्ट मात्र तशीच राहिली. विद्यार्थ्याबरोबर केलेलं काम कोणत्याही यादीत आलं नाही.

नॅकचंच पाहा. आजवरच्या मूल्यांकन पद्धतीत संलग्न पदवी महाविद्यालयाच्या १,००० गुणांपैकी ३५० अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाला आहेत आणि ११० संशोधन, नवोपक्रम व विस्ताराला. ही विभागणी मला मान्य आहे. आमचं मुख्य काम शिकवणं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण संशोधनाच्या निकषात विचारलं जातं की दर शिक्षकामागे किती लेख, किती पुस्तकं, किती अनुदान. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांबद्दल विचारलं जातं ते तिकडे अभ्यासक्रमाच्या निकषात, आणि तिथे प्रश्न एवढाच की किती टक्के विद्यार्थ्यांनी प्रकल्प केला. त्यांनी काय शोधलं, आकडे स्वतः घेतले की कुठून उतरवले, गेल्या वर्षीच्या कामावर यंदा कोणी पुढे काम केलं का, हे कोणी विचारत नाही. टक्केवारी विचारली की टक्केवारी मिळते. फील्ड प्रोजेक्ट अनिवार्य आहे, एका शिक्षकाच्या वाट्याला अख्खा वर्ग आहे आणि त्यासाठी तास एकही नाही. अशा वेळी मुलं झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणतात किंवा एआयकडून लिहून घेतात, यात मला नवल वाटत नाही. वाईट वाटतं. स्पायरल बायंडिंग केलेल्या, उघडून न पाहिलेल्या वह्यांचे गठ्ठे कपाटात साठत जातात आणि त्या मुलांच्या मनात संशोधन म्हणजे हेच, असं पक्कं बसतं. पुढे हीच मुलं शिक्षक होतात, अधिकारी होतात, पत्रकार होतात.

यातच आता चौथं वर्ष येतं आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे या महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पाऊल टाकेल. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार संशोधनासह ऑनर्स पदवी हवी असेल तर विद्यार्थ्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचं संशोधन करायचं आहे. बारा श्रेयांक म्हणजे वर्षाच्या एकूण ४० श्रेयांकांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा. हे काम कोण करून घेणार? कोणत्या प्रयोगशाळेत? कोणत्या तासाला? मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि सोयी असलेले विभागच हे वर्ष चालवू शकतील असं ठरलं, तर आमच्यासारख्या गावांतला हुशार विद्यार्थी तीन वर्षांनंतर एक तर शहराची वाट धरेल किंवा तिसऱ्या वर्षाची पदवी घेऊन थांबेल. मुलींच्या बाबतीत तर शहरात पाठवायचं की नाही हा निर्णय बहुतेक घरांत कसा होतो, हे आपल्याला सांगायला नको.

आणि ती ७५ टक्क्यांची अट. विहिरीच्या पाण्याचं ज्या मुलीचं काम मी वर सांगितलं, तिला कधीच ७५ टक्के पडले नाहीत. सकाळी गोठ्यातलं आवरून ती कॉलेजला येते आणि इंग्रजीतून उत्तर लिहिताना अडखळते. पण तिची नोंदवही मी कोणत्याही परीक्षकापुढे ठेवायला तयार आहे. खाडाखोड न लपवता लिहिलेली, प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ असलेली ती वही आहे. पाठांतराचे गुण आणि शोध घेण्याची चिकाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगशाळेत उभं राहून शिकवणारा कोणीही सांगेल. एकीच्या मापाने दुसरीला अडवू नका.

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. आमच्या विभागात, आणि मला माहीत असलेल्या बहुतेक विभागांत, शिकवण्याचा मोठा भार सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, तरुण प्राध्यापक उचलतात. यांतले अनेक जण पीएच.डी. झालेले आहेत, सेट-नेट झालेले आहेत. संशोधनाचा ताजा अनुभव आमच्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे आणि मुलं त्यांच्याकडेच शंका घेऊन जातात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. मुलाबरोबर ओढ्याकाठी नमुने घेत घालवलेल्या दुपारचे काहीच मिळत नाही. मे महिन्यात त्यांना पगार नसतो. कायमस्वरूपी नाहीत म्हणून पीएच.डी.चे मार्गदर्शक होण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांना हे काम येतं त्यांना ते करू द्यायचं नाही आणि मग महाविद्यालयांत संशोधनाची संस्कृती नाही म्हणायचं, हे न्यायाचं नाही. रिकामी पदं भरा ही मागणी जुनी आहे. ती पुन्हा करते आहे, कारण तिच्याशिवाय बाकीच्या मागण्या कागदावर राहतील.

पैशांबद्दल थोडक्यात. आयोगाची लघु संशोधन प्रकल्प योजना होती तेव्हा आमचे अर्ज पुण्याच्या विभागीय कार्यालयात जायचे. रक्कम फार मोठी नसायची, पण पीएच मीटर, रसायनं, प्रवासखर्च एवढं त्यातून भागायचं आणि प्रकल्प संपल्यावर उपकरण विभागात राहायचं. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ती वाट बंद झाली. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून चालू आहे. पदवीच्या प्रयोगशाळांत पैसा घातला की प्रात्यक्षिकं कशी बदलतात हे तिने दाखवून दिलं आहे. पण ती विज्ञानापुरती आहे आणि निवडक महाविद्यालयांपुरती. बचत गटांच्या वह्या तपासू पाहणाऱ्या वाणिज्यच्या विद्यार्थ्याला, गावच्या जुन्या दप्तरावर काम करणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थिनीला तिचा उपयोग नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचं उद्दिष्ट जाहीर झालं. संशोधनाची संस्कृती विद्यापीठांबरोबर महाविद्यालयांतही रुजवायची हे त्याच्या हेतूंत लिहिलेलं आहे. मात्र मोठ्या संस्थांनी लहानांना हात द्यावा म्हणून आखलेल्या 'पेअर' योजनेच्या पहिल्या टप्प्यात विद्यापीठं, एनआयटी आणि आयआयआयटी आहेत. माझ्यासारखं पदवी महाविद्यालय त्या साखळीच्या टोकालाही नाही.

वाचायला काय मिळतं, हाही पैशांचाच प्रश्न आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेला मंत्रिमंडळाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका. फार चांगला निर्णय आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत केलं. पण तिचा लाभ केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. महाराष्ट्रातली बहुसंख्य अनुदानित महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्थांनी उभी केली आहेत. त्यांच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारी विद्यापीठ ठरवतं आणि विद्यार्थी सामान्य घरातले असतात. तरी पत्रिका वाचायच्या वेळी ती खासगी ठरतात.

पदवी महाविद्यालयात संशोधन होऊच शकत नाही, त्यांनी शिकवावं, असं अनेक जाणकारांनाही वाटतं. त्यांना मला आपल्याच राज्यातला इतिहास आठवून द्यायचा आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते तेव्हा सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला. तोवर हा जीव आफ्रिकेतच आहे असं मानलं जायचं. १९१२ साली 'नेचर'मध्ये त्याची नोंद झाली. आज पुण्यातल्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे. दामोदर कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, त्याच काळात, १९४४ मध्ये, गुणसूत्रावरची जनुकांमधली अंतरं काढण्याचं सूत्र त्यांनी प्रसिद्ध केलं. जनुकांचे नकाशे करणारे आजही ते कोसंबींच्या नावाने वापरतात. ही माणसं असामान्य होती, हे खरंच. पण त्यांच्या हाती जे होतं, म्हणजे वर्ग, ग्रंथालय, आसपासचा मुलूख आणि विचार करायला मोकळा वेळ, त्यातलं पहिलं आणि तिसरं आमच्याकडे आजही आहे. दुसरं आणि चौथं देणं आपल्या हातात आहे.

शिवाय पदवी महाविद्यालयांकडे असं काही आहे जे मोठ्या प्रयोगशाळांकडे नाही. आम्ही एका जागी असतो आणि दरवर्षी नवी मुलं आमच्याकडे येतात. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे देशात ४५,४७३ महाविद्यालयं आहेत, एकट्या महाराष्ट्रात ४,६९२. यांतल्या हजारभर महाविद्यालयांनी जरी आपापल्या परिसरातल्या ठरावीक विहिरींचं पाणी दर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकाच पद्धतीने तपासलं आणि ते आकडे जपून ठेवले, तर दहा वर्षांत राज्याच्या भूजलाचं असं चित्र उभं राहील जे गावपातळीवर इतक्या बारकाईने काढणं कोणत्याही एका संस्थेला परवडणार नाही. पळस कधी फुलला, आठवडी बाजारात ज्वारीचा भाव काय होता, वाडीतली कोणती बोली बोलणारी माणसं उरली आहेत, हे सगळं पदवीचा विद्यार्थी टिपू शकतो, नीट शिकवलं तर विश्वासार्ह टिपू शकतो. अशा कामातून दरवर्षी शोधनिबंध निघणार नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी निघेल. आपल्या आजच्या मोजणीत पाच वर्षं थांबायची सोय नाही.

विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या आविष्कार स्पर्धेचंही हेच सांगायचं आहे. विद्यापीठाविद्यापीठांतल्या मुलांना एका मांडवाखाली आणणारी ही स्पर्धा मला प्रिय आहे. माझी मुलं तिथे पोस्टरसमोर उभी राहून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात तेव्हा त्यांचा ताठ झालेला कणा मी पाहिला आहे. पण स्पर्धा संपली की काम संपतं. पुढच्या वर्षी नवा विषय, नवं पोस्टर. गेल्या वर्षीच्या प्रकल्पाचं पुढचं पाऊल टाकणाऱ्या गटासाठी तिथे वेगळी जागा नाही. ती करणं फारसं अवघड नसावं.

माझ्या मागण्या अशा :

विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पाचं मार्गदर्शन हे प्रत्यक्ष अध्यापन माना आणि कार्यभारात धरा. दर पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटामागे आठवड्याला दोन तास, असा एखादा साधा नियम करा आणि एका शिक्षकाकडे किती गट असावेत याला मर्यादा घाला. फील्ड प्रोजेक्ट असो वा चौथ्या वर्षाचं संशोधन, नियम एकच असू द्या.

२०१० च्या नियमावलीतले सहा तास वेळापत्रकात प्रत्यक्ष दिसतील अशी सक्ती करा. आठवड्यातली एक दुपार पूर्ण मोकळी ठेवली तरी आमचं काम सुरू होईल. त्या दुपारी प्रयोगशाळा उघडी आणि परिचर हजर असला पाहिजे.

पदवी महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या बढतीसाठी वेगळं माप ठेवा. विद्यार्थ्यांबरोबर केलेलं, नोंदी आणि आकडे सर्वांना पाहता येतील असं ठेवलेलं काम शोधनिबंधाच्या बरोबरीने धरा. लेख मोजायचेच असतील तर मोजके, निवडक मागा आणि ते वाचून पाहणारी समिती नेमा.

संशोधनासह ऑनर्ससाठी ७५ टक्क्यांची अट हा एकमेव दरवाजा ठेवू नका. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प आणि त्यावरची तोंडी परीक्षा हा दुसरा दरवाजा उघडा. ज्या महाविद्यालयाकडे स्वतःचं संशोधन केंद्र नाही, त्याला जवळच्या केंद्राशी जोडून घेऊन विद्यार्थ्याला आपल्याच गावी चौथं वर्ष करता येईल अशी तरतूद करा. अहवाल मराठीत लिहायची मुभा सर्व विद्याशाखांत, विज्ञानातही, लेखी द्या. विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्या असं आयोगानेच २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवलं होतं.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी केलेल्या प्रकल्प मार्गदर्शनाचं मानधन द्या आणि अहवालावर मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव अधिकृतपणे येऊ द्या. रिकामी पदं भरण्याचं वेळापत्रक तारखांसह जाहीर करा.

अनुदानित महाविद्यालयांना 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत घ्या. लघु संशोधन प्रकल्प पुन्हा सुरू करा, कला आणि वाणिज्यसाठीही. पैसे जूनमध्ये द्या. फेब्रुवारीत रक्कम येते, तीन दरपत्रकं मागवेपर्यंत मार्च उजाडतो आणि ३१ तारखेला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. तोपर्यंत मुलांची परीक्षा सुरू झालेली असते आणि घेतलेलं उपकरण खोक्यातच राहतं.

शेवटची मागणी अशी की हे नियम ठरवणाऱ्या समित्यांत पदवी महाविद्यालयात प्रत्यक्ष शिकवणारे प्राध्यापक घ्या, ग्रामीण भागातले आणि तासिका तत्त्वावरचेही. चौथ्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी या मुद्द्यांवर आपली भूमिका जाहीर करा. आपल्याला यातलं काही अमान्य असेल तर तेही कारणांसह सांगा, म्हणजे आम्हाला विद्यार्थ्यांना आजच खरं काय ते सांगता येईल. तिसऱ्या वर्षानंतर इथे थांबायचं की शहरात जायचं, याचा निर्णय त्यांच्या घरी आताच सुरू झाला आहे.

आपली विश्वासू,
अनुदानित पदवी महाविद्यालयातील रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका